जर्मनीत येऊन आठ महिने झाले, तरी हात बसत नाही

पायवाट

नमस्कार मंडळी.

ऑक्टोबर 2024 मध्ये पुण्यातली नोकरी सोडून मी श्टुटगार्टला आलो. मोटारींसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनीत काम करतो. पत्नी जानेवारीत आली. येण्यापूर्वी मी थंडीची, भाषेची आणि जेवणाची तयारी केली होती, आणि खरे सांगायचे तर या तिन्हींनी मला फारसा त्रास दिला नाही. थंडीला जाकीट आहे, ऑफिसात इंग्रजी चालते, आणि तूरडाळ, हिंग, पोहे हे सगळे इथल्या भारतीय दुकानात मिळते. अडते आहे ते भलतीकडेच. ते नेमके कुठे, हे मलाही नीट सांगता येत नाही, म्हणून घडलेले प्रसंगच मांडतो.

घर मिळाले ते स्वयंपाकघराविना. म्हणजे खोली होती, पण ओटा, शेगडी, सिंक यांपैकी काहीही नव्हते, आणि छतातून दिव्यांच्या जागी नुसत्या तारा लोंबत होत्या. आधीचा भाडेकरू आपले स्वयंपाकघर उचकटून घेऊन गेला होता आणि ही इथली रीतच आहे, असे नंतर कळले. तीन महिन्यांचे मूळ भाडे अनामत म्हणून दिले, दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी केली, आणि पहिले तीन आठवडे इंडक्शनच्या एका चुलीवर खिचडी खाल्ली. याचे काहीच वाटले नाही. नव्या गावी असे व्हायचेच.

वाटले ते पाडव्याला. यंदा गुढीपाडवा रविवारी, 30 मार्चला आला होता. सकाळी उठून पुरण शिजवले आणि मिक्सरमधून फिरवले. सोमवारी संध्याकाळी दाराच्या फटीतून आत सरकवलेला एक लिफाफा मिळाला. खालच्या मजल्यावर एक वयस्कर बाई एकट्या राहतात, त्यांचे पत्र होते: रविवार, 30 मार्च. सकाळी 8 वाजून 20 मिनिटे. आपल्या घरातून यंत्राचा आवाज येत होता. तो सुमारे चार मिनिटे चालला. रविवार हा शांततेचा दिवस आहे. याची कृपया नोंद घ्यावी. खाली ‘मैत्रीपूर्ण नमस्कारांसह’ असे लिहून सही. त्यात मैत्रीपूर्ण काय होते, ते मला कळेना. गंमत अशी, की त्याच रविवारी पहाटे घड्याळे उन्हाळी वेळेसाठी एक तास पुढे गेली होती. आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला ते ठाऊक नव्हते, त्यामुळे आमच्या लेखी तेव्हा 7 वाजून 20 मिनिटेच झाली होती, म्हणजे गुन्हा अधिकच गंभीर! या बाई मला जिन्यात रोज भेटतात, ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात. त्यांनी तोंडाने का सांगितले नाही? पुण्यात आमच्या शेजारच्या काकू दार वाजवून म्हणाल्या असत्या, ‘अरे, जरा उशिरा लाव की’, आणि जाताना पुरणाची वाटी घेऊन गेल्या असत्या.

दुसरी गोष्ट ‘केअरवोखे’ची. श्वाबेन प्रांताबाहेरच्या (म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या या भागाबाहेरच्या) वाचकांना कदाचित ठाऊक नसेल: इथे इमारतीतल्या बिऱ्हाडांकडे पाळीपाळीने एकेक आठवड्याची सफाई येते. शनिवारी रात्री कधीतरी एक लाकडी पाटी आपल्या दाराच्या मुठीला लटकलेली दिसते. त्यानंतरचे सात दिवस जिना पुसणे, इमारतीसमोरचा फरसबंद रस्ता झाडणे आणि बर्फ पडला असेल तर सकाळी 7 च्या आत तो ओढून बाजूला करणे हे काम आपले. काम अवघड नाही, पण एकदा मी जिना शनिवारऐवजी शुक्रवारी पुसला, तर शेजाऱ्याने अत्यंत सभ्यपणे विचारले, की शनिवारी कुठे बाहेरगावी जाणार आहात का.

आणि तिसरी, मनाला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ऑफिसातली. फेब्रुवारीत एका बैठकीत गटप्रमुखाने विचारले, हे काम गुरुवारपर्यंत होईल का. मी म्हणालो, हो, होऊन जाईल. त्याने ते इतिवृत्तात लिहिले. एक चाचणी अडली आणि काम सोमवारी झाले. मंगळवारी त्याने सर्वांसमोर सांगितले, की हे असे चालणार नाही. उशिराचे काही नाही, पण बुधवारी तुला ठाऊक होते आणि तू बोलला नाहीस, हे चालणार नाही. आवाज चढलेला नव्हता. मला वाटले, आता नोकरी गेली, कारण माझी परिवीक्षा (नोकरीचा चाचणीचा काळ) अजून चालू होती. सहा महिन्यांच्या त्या काळात नुसत्या दोन आठवड्यांच्या सूचनेवर माणसाला काढता येते. मी तोंड पाडून जागेवर बसलो. बारा वाजता तोच मनुष्य माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, जेवायला चल, आज मसूर आणि श्पेट्झलं आहे. जणू काही झालेच नव्हते. (मसुराची घट्ट आमटी, त्यात व्हिनेगर आणि सोबत अंड्याच्या पिठाच्या जाड शेवया. सॉसेज काढून टाकायला सांगितले, तर बरे लागते.) परिवीक्षा एप्रिलमध्ये सुखरूप संपली. पण त्या मंगळवारी मला नक्की काय सांगितले गेले, हे मला आजही पुरते उमगलेले नाही.

आपल्यापैकी जे इथे जास्त वर्षे आहेत, त्यांना माझा प्रश्न असा: हे अंगवळणी पडते, की नुसते सहन करायला शिकतो?

जुना वाटसरू

धागा वाचून जुने दिवस आठवले. मी सहा वर्षे म्युनिकमध्ये काढून 2019 मध्ये पुण्यास परतलो, त्यामुळे माझे म्हणणे परतलेल्याचे आहे, हे ध्यानात घेऊन वाचावे.

आपला तिसरा प्रसंग माझ्या मते पहिल्या दोहोंची किल्ली आहे. मराठीत आपण ‘बघतो’, ‘करून टाकू’, ‘होऊन जाईल’ असे जे म्हणतो, त्याचा अर्थ ऐकणारा शब्दांतून काढत नाही. तो आपल्या चेहऱ्यावरून, स्वरावरून आणि मागच्या अनुभवावरून काढतो. सुताराने ‘बघतो’ म्हटले, तर दिवाळीपर्यंत कपाट येणार नाही, हे पुण्यातल्या लहान मुलालाही कळते. त्याला कोणी खोटे बोलणे म्हणत नाही. जर्मन माणसाला मात्र ‘होऊन जाईल’ हे वाक्य शब्दशः ऐकू येते: गुरुवारी होईल. आपण त्याला वचन दिलेले असते आणि आपल्याला त्याचा पत्ताच नसतो. तुमच्या प्रमुखाला उशिराचा राग नव्हता, असे त्याने स्वतः सांगितले आहे. तेही शब्दशः घ्यावे, ही विनंती. त्यात दुसरे काही दडलेले नसते.

तुमच्या श्वाबेन भागात तर एक म्हणच आहे, की रागावले नाहीत म्हणजे पुरेसे कौतुक झाले. म्युनिकमध्ये माझा एक सहकारी श्टुटगार्टकडचा होता. तीन वर्षांत त्याने माझ्या कामाला एकदाही चांगले म्हटले नाही. मी निघालो, तेव्हा त्याने माझ्या हाताने लिहिलेल्या टिपणांची एक प्रत मागून घेतली आणि ती खटक्याच्या फाइलमध्ये, पाठीवर माझे नाव लिहून, कपाटात ठेवली. तेवढेच.

फाइलवरून आठवले. ही दोन भोकांची, लोखंडी खटक्याची जाड फाइल आजच विकत घ्या आणि आलेला प्रत्येक कागद त्यात लावा. पेन्शन विम्याचे पत्रक येईल, ते तर मुळीच टाकू नका. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार मे 2017 पासून लागू आहे, आणि तिथल्या पेन्शनचा हक्क मिळायला किमान 60 महिने भरावे लागतात. माझे 72 भरले आहेत. रक्कम फार मोठी नसेल, पण 67व्या वर्षी ती पुण्यात मिळेल, ती केवळ त्या फाइलच्या जोरावर.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर: अंगवळणी पडते, आणि इतके पडते की परत आल्यावर पंचाईत होते. मी मावशीकडे जाण्यापूर्वी फोन करून ‘रविवारी चार वाजता आलो तर चालेल का’ असे विचारू लागलो. मावशी माझ्या आईला म्हणाली, ‘पोरगा परका झाला गं.’

सह्यकडा

पायवाट, प्रसंग छान लिहिले आहेत. एक व्यावहारिक सूचना, आणि ती तातडीची आहे.

आपल्याला आठ महिने झाले. भारतीय परवान्यावर इथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहाच महिने गाडी चालवता येते. म्हणजे आपली मुदत एप्रिलमध्येच संपली आहे. चुकूनही भाड्याची गाडी घेऊ नका. ते विनापरवाना चालवणे ठरते. भारताचा परवाना नुसता बदलून मिळत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ज्याच्याजवळ परदेशी परवाना आहे, त्याला तासांची सक्ती नसते, पण तास न घेता परीक्षेला बसू नका. मी मुंबईत अकरा वर्षे गाडी चालवली होती आणि पहिल्या परीक्षेत नापास झालो, तेही पंधराव्या मिनिटाला.

कारण ऐकण्यासारखे आहे. 30 च्या वेगमर्यादेचा निवांत रस्ता होता, चौकात ना दिवा ना पाटी. अशा ठिकाणी उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला असतो. उजव्या गल्लीतून एक सायकल येत होती, बरीच लांब. मी सवयीप्रमाणे अंदाज घेतला, की ती पोहोचेपर्यंत मी सहज पार होईन, आणि झालोही. परीक्षकाने ब्रेक लावायला सांगितले. तो म्हणाला, ती बाई थांबली नाही, कारण तिने थांबायचेच नव्हते. तुम्ही मात्र तिच्या जागी निर्णय घेतलात. मुंबईत गाडी चालवणे म्हणजे समोरच्याच्या मनात काय आहे, ते ओळखणे. हॉर्न, हात, नजर, सगळी बोलणी चालू असतात. इथे समोरच्याच्या मनात शिरायचे कामच नाही. पाटी काय म्हणते, तेवढे पाहायचे. दुसऱ्या खेपेला उत्तीर्ण झालो. आता दर सुट्टीत मुंबईला गेलो, की पहिले दोन दिवस मेहुणा मला चाकाला हात लावू देत नाही.

तोपर्यंत डॉइचलांड-टिकीट काढा. 2025 मध्ये ते महिन्याला 58 युरोंना होते; त्यावर देशभरातल्या सगळ्या शहरी बस, ट्राम आणि प्रादेशिक रेल्वे चालतात. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या तेवढ्या नाहीत.

अबोली

धागा काळजीपूर्वक वाचला. वर जे लिहिले गेले, ते बरोबरच आहे, पण ते सगळे नोकरी घेऊन आलेल्यांचे आहे. पायवाट यांच्या पत्नी जानेवारीत आल्या, एवढेच एक वाक्य त्यांच्याविषयी आहे. म्हणून हा प्रतिसाद.

मी नाशिकला एका शाळेत दहा वर्षे गणित शिकवत होते. यजमानांच्या ब्लू कार्डामुळे (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या वास्तव्य परवान्यामुळे) मला येतानाच काम करण्याची पूर्ण मुभा मिळाली होती, जर्मनची परीक्षाही आधी द्यावी लागली नाही. कागदावर दार सताड उघडे होते. पण इथे शाळेत शिकवायला दोन विषयांची पदवी लागते, माझा एकच. आणि मुलांना भागाकार शिकवण्याइतकी नव्हे, तर पालकसभेत भांडता येईल इतकी भाषा लागते. पहिले सहा महिने मी दिवसभरात फक्त दोन माणसांशी बोलत असे: सकाळी बेकरीतल्या मुलीशी आणि संध्याकाळी यजमानांशी. ते दिवसभर बोलून दमून आलेले असत. आईला फोन करावा, तर हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. इथे संध्याकाळचे सहा वाजले, की तिथे साडेदहा झालेले. आई अर्धवट झोपेत ‘बरी आहेस ना’ म्हणे आणि मी ‘बरी आहे’ म्हणे. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. त्या अंधारात मी दिवा न लावता किती वेळ बसून राहते, हे माझ्या एकदा लक्षात आले आणि मी घाबरले. घाबरले हे बरे झाले.

दुसऱ्या दिवशी जाऊन सरकारी भाषावर्गाची चौकशी केली. सहाशे तासांचा वर्ग होता. त्यात सीरियाची एक दंतवैद्य होती, युक्रेनची एक लेखापाल, इरिट्रियाचा एक तरुण. एकमेकांशी बोलायला आम्हाला मोडक्या जर्मनशिवाय दुसरी भाषाच नव्हती, म्हणून ती आली. माझ्या यजमानांच्या ऑफिसात इंग्रजी चालते, त्यामुळे त्यांची जर्मन अजून पाव विकत घेण्यापुरतीच आहे. आज घरातले सगळे फोन मी करते: घरमालक, वीज, मुलीची शाळा, दवाखान्याची वेळ. रात्री ताप चढला तर 112 नव्हे, आधी 116117 ला (रात्री-सुट्टीला डॉक्टर मिळवून देणाऱ्या सेवेला) फोन करायचा, हे त्यांना मी सांगितले. नाशिकला बँकेचे काम असले, की ‘ह्यांना विचारून सांगते’ असे मी म्हणत असे. आता ते फोनवर हात ठेवून मला विचारतात.

सध्या मी एका प्राथमिक शाळेत दुपारच्या देखभालवर्गात मदतनीस आहे. मुले मला गणिताच्या वह्या दाखवतात. पगार शिक्षकाचा नाही, मानही शिक्षकाचा नाही, आणि याचे मला वाईट वाटते. ते वाटत नाही असे मी लिहिणार नाही.

पायवाट, ‘ऑफिसात इंग्रजी चालते’ हे आपण जमेच्या बाजूला लिहिले आहे. ते खर्चाच्या बाजूला मांडून पाहावे. ब्लू कार्डावर बी-1 (मध्यम) पातळीची जर्मन असेल, तर 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो, आणि ए-1 (अगदी प्राथमिक) असेल तर 27 महिन्यांत. पण तो हिशेब बाजूला ठेवला तरी, खालच्या मजल्यावरच्या बाई आपल्याशी जिन्यात काय बोलल्या असत्या आणि आपल्याला त्यातले किती कळले असते?

निळी शाई

अबोली ताई, आपला प्रतिसाद दोनदा वाचला.

मी आखेनला शिकते, म्हणून माझे अनुभव लहान आहेत. बँकेत 11,904 युरो अडकवून ठेवल्याशिवाय व्हिसा मिळाला नाही आणि त्यातले महिन्याला 992 हाती येतात, त्यामुळे मी सगळ्यात आधी शिकले ते बाटल्या परत करणे. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते. ती सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली, की पावती मिळते.

माझा गोंधळ ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा झाला. मराठीला ‘अहो-जाहो’ नवीन नाही, म्हणून ‘डू’ आणि ‘झी’ मला सोपे जाईल असे वाटले होते. पण आपल्याकडे वय पाहून ‘तुम्ही’ म्हणतात आणि जवळीक वाढली तरी ते बदलत नाही. माझी आई आजही आजोबांना ‘तुम्ही’ म्हणते आणि त्यात कुठे दुरावा नाही. इथे ‘झी’मध्ये आदर आहे तसे अंतरही आहे, आणि ते अंतर मोठ्या माणसाने आपण होऊन मोडायचे असते. ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथे प्रमुख पहिल्याच दिवशी ‘डू’ वर आले, आणि सदनिकेच्या मालकीणबाई अजून ‘झी’वर आहेत. एकदा मी त्यांना चुकून ‘डू’ म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वाक्यात ‘झी’ जरा ठासून म्हणाल्या.

सह्यकडा

मिक्सरचे राहिलेच. दोन-चार मिनिटे मिक्सर चालवणे हा काही अपराध नाही. रात्री 10 ते सकाळी 6 ही शांततेची वेळ आणि रविवार पूर्ण दिवस, हे खरे; ड्रिल लावणे, काचेच्या बाटल्या सार्वजनिक पेटीत फोडणे, हे रविवारी सोडूनच द्या. पण मिक्सरचा त्रास आवाजापेक्षा हादऱ्याचा होतो. ओट्यावरून तो भिंतीत उतरतो आणि खालच्या माणसाला स्वतःच्या डोक्याशी गिरणी चालू आहे असे वाटते. खाली चौपदरी घडी करून जाड टॉवेल ठेवा. आणि कुकर, फोडणी झाल्यावर खिडकी तिरपी उघडू नका, पूर्ण सताड उघडून पाच-दहा मिनिटे ठेवा. आमच्या पहिल्या घराच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली, आणि घर सोडताना ती रंगवून देण्याचा खर्च अनामतीतून कापला गेला. आम्ही भाकरीच्या वाफेचे पैसे भरले, असे बायको म्हणते.

जुना वाटसरू

सह्यकडा यांच्या टॉवेलला अनुमोदन. आम्ही बाथरूमचे पायपुसणे वापरत असू.

आजारपणाबद्दल एक वाक्य. डॉक्टर कॅमोमाइलचा चहा आणि विश्रांती सांगतील, तेव्हा चिडू नका आणि ताप असताना ऑफिसात जाऊन निष्ठा दाखवू नका. माझ्या प्रमुखाने मला पुढे घालून दारापर्यंत आणून सोडले होते. सुट्टीवर असताना आजारी पडलात आणि डॉक्टरांचा दाखला असला, तर तेवढे सुट्टीचे दिवसही परत मिळतात; पुण्यात हे सांगितले, तर लोकांना थट्टा वाटते.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. परवान्याची मुदत संपल्याचे मला खरोखरच ठाऊक नव्हते. डोळ्यांच्या तपासणीची आणि प्रथमोपचार वर्गाची वेळ कालच घेतली.

अबोली ताईंचा शेवटचा प्रश्न मात्र दोन दिवस डोक्यातून जाईना. पत्नीला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, ‘मला वाटते, त्या तुला बोलल्या होत्या.’ कधी, असे विचारले, तर तिला आठवले, की फेब्रुवारीत एका संध्याकाळी आम्ही दोघे पिशव्या घेऊन जिना चढत असताना त्या बाईंनी थांबवून काहीतरी सांगितले होते. वरच्या दिशेने बोट दाखवून, बराच वेळ, श्वाबेनी उच्चारांत. मी हसून ‘या, या, क्लार’ (हो, हो, नक्कीच) म्हणालो होतो आणि वर आल्यावर पत्नीला सांगितले होते, की त्या बर्फाबद्दल काहीतरी म्हणत होत्या.

काल शनिवार होता. दुपारी चार वाजता येऊ का, अशी चिठ्ठी आधी त्यांच्या पेटीत टाकली आणि चारला आम्ही दोघे खाली गेलो. सोबत लाडू होते. त्यांनी केक करून ठेवला होता. मी पाठ केलेली चार वाक्ये म्हटली, त्यातल्या तिसऱ्या वाक्याचे क्रियापद शेवटी टाकायचे राहिले. त्या म्हणाल्या, की फेब्रुवारीत त्यांनी रविवारच्या आवाजाचेच सांगितले होते. ‘आपण हो म्हणालात, पण आपल्याला कळलेले नाही, हे मला तेव्हाच दिसले होते,’ असे त्या म्हणाल्या. म्हणून त्यांनी पत्र लिहिले, तेही नातवाकडून सोप्या वाक्यांत करवून घेऊन, म्हणजे आम्हाला शब्दकोश घेऊन सावकाश वाचता येईल. ते पत्र पत्नीने पुन्हा काढून पाहिले. खरोखरच एकही वाक्य सात-आठ शब्दांहून मोठे नाही, आणि मी ते तीन महिने तुटकपणा म्हणून धरून बसलो होतो.

मग त्यांनी विचारले, की त्या दिवशी बाल्कनीत काठीला साडी बांधून त्यावर उपडे भांडे का ठेवले होते. मी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, तर पत्नीने मला थांबवले आणि तिच्या ए-1 च्या जर्मनमध्ये सांगितले: नवे वर्ष, लिंबाचा पाला, साखर, विजय. ‘विजय’ला शब्द सापडेना, म्हणून तिने दोन्ही हात वर केले. बाईंनी डोके हलवले. त्यांना किती कळले, कोण जाणे. पण रविवारी अकरानंतर यंत्र चालवायला हरकत नाही, असे त्यांनी सांगितले आणि मी ते तिथेच त्यांच्यासमोर वहीत लिहून घेतले.

पत्नी सोमवारपासून भाषावर्गाला जाते आहे. मी संध्याकाळच्या तुकडीत नाव घातले आहे. वर आलो, तर दाराच्या मुठीला पाटी लटकलेली होती. या आठवड्यात जिना आमच्याकडे आहे.

अबोली

शनिवारीच पुसा.

पायवाट

हो. शनिवारी, दुपारी दोन वाजता.